मी कंप्युटरला ताप आणला

ज्या घरात टेलिफोन नव्हता, त्या घरातल्या कंप्युटरला टेलिफोनच्या तारेतून येणारा वायरस झाला आहे, असं मी एकदा छातीठोकपणे सांगितलं होतं. चारचौघांत, मोठ्या आवाजात, अंगात पांढरा कोट घालून. सांगून झाल्यावर मी चहा प्यायले आणि वर आणखी अर्धा कप मागून घेतला.

कोटाचं आधी सांगते, कारण पुढच्या सगळ्या घोटाळ्यात त्याचा हात आहे. यवतमाळात माझा टायपिंगचा क्लास होता. दिवसभर खडखडाट. एखादी कळ अडकली, स्प्रिंग सुटली, तर मीच मशीन उघडून बसायची. पुढे कंप्युटर आले आणि क्लासमधले टाइपरायटर हळूहळू मुके झाले. हात तर शिवशिवत होते. मग चाळिशी उलटल्यावर मी नागपूरला जाऊन कंप्युटर दुरुस्तीचा कोर्स करून आले. वर्गातली पोरं मला काकू म्हणायची आणि माझा डबा खायची; त्या बदल्यात मला न समजलेलं समजावून सांगायची. परत आल्यावर घरोघरी जाऊन दुरुस्तीची कामं घ्यायला लागले, आणि पहिलं काम काय केलं असेल, तर शिंप्याकडून एक पांढरा कोट शिवून घेतला. साडीला धूळ लागू नये म्हणून, असं मी विचारणाऱ्यांना सांगायची. खरं कारण आरशात दिसायचं. वरच्या खिशाला स्क्रूड्रायव्हर पेनासारखा अडकवून मी निघाले की आमचे हे म्हणायचे, "स्टेथोस्कोप तेवढा राहिला." मला वाटायचं, कौतुक करताहेत. इतकी मी भोळी नव्हते, फुगलेली होते.

बंद पडून आपोआप पुन्हा सुरू होणारा कंप्युटर हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात खट्याळ दुखणं. साफ मेलेलं मशीन परवडलं. निदान ते खोटं बोलत नाही. हे मात्र घरच्यांसमोर लोळण घेणार आणि मी उंबऱ्यात पाऊल टाकलं की सुतासारखं सरळ. मालक बिचारा ओशाळा व्हायचा. "बाई, आईशपथ सांगतो, आत्ताच दोनदा पडलंतं!" दुखण्याचं वर्णनही ज्याचं त्याचं. कोणी म्हणे, याले उचक्या लागल्या. कोणी म्हणे, बसल्याबसल्या डुलकी घेते. एका बाईंनी तर हळूच विचारलं होतं, "मिरगी त नसंन ना?"

बाहेरच्या माणसाला समजावं म्हणून सांगते. कंप्युटर असा मधेच बंद पडतो तो बहुतेक वेळा स्वतःचा जीव वाचवायला. विजेचा दाब घसरला, आतला मेंदू तापला, किंवा आठवण ठेवणारी जी पट्टी असते, रॅम म्हणतात ती, तिचे दात काळे पडले, की तो चुकीचं काम करत बसण्यापेक्षा हातातलं सगळं टाकून देतो आणि पहिल्यापासून सुरू होतो. ही सोय मला असती, तर लग्नाचं पहिलं वर्ष मी बऱ्याचदा रिस्टार्ट केलं असतं. रॅमचे दात मी साध्या खोडरबरानं घासायची. एका घरी मी पिशवीतून खोडरबर काढल्याबरोबर घरधनी ओरडले, "बाई, थांबा! त्याच्यात पोरीच्या लग्नाचे फोटू हायेत, खोडू नोका!"

तर, या खट्याळ दुखण्यावर खरं औषध एकच. मशीन मरताना आपल्या डोळ्यांनी पाहायचं. त्यासाठी खुर्ची ओढून त्याच्यापाशी बसायचं आणि घरच्यांना त्यांचं रोजचं वागू द्यायचं. हे मला बाभुळगावच्या एका निवृत्त हेडक्लार्कांनी शिकवलं. त्यांना कंप्युटरवर पत्त्यांचा डाव लावायचा नाद. तक्रार अशी की, डाव जिंकत आला की मशीन बंद. "बाई, हे मले जिंकूच देत नाही." मी वायरी बदलल्या, रॅम घासली, दोन फेऱ्या मारल्या. शेवटी कंटाळून त्यांच्या शेजारी बसले आणि म्हटलं, खेळा. डाव रंगात आला तसा साहेबांचा गुडघा हलायला लागला, आणि टेबलाखालच्या पेटीचं रिस्टार्टचं बटण बरोब्बर त्या गुडघ्याच्या उंचीवर. मी पेटीचं तोंड फिरवून ठेवलं.

"म्हणजे मशीन चांगलं हाय, माहा पायच खराब हाय?" साहेब हिरमुसले.

आतून त्यांच्या बाईंचा आवाज आला. "लग्न झालं तवापासून सांगून राह्यली, पाय हालवू नोका म्हणून! आता कंप्युटरवाल्या बाईनं सांगतलं त पटलं."

महागावला एका घरी मशीन रोज दिवेलागणीला दगा द्यायचं. तिथंही मी नुसती बसून राहिले. शेजारच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा फिरायला लागला, घरातला बल्ब पिवळा पडला, आणि कंप्युटरनं मान टाकली. गिरणी दळण घेते त्या वेळात तुम्ही चहा घ्या, एवढंच औषध लिहून दिलं.

तर शेजारी बसायचं, हे शहाणपण मला बाभुळगावात आलं होतं, महागावात पक्कं झालं होतं, आणि बोरी अरबला जाणाऱ्या एसटीत मी ते विसरून आले.

बोरी अरबला वंदना राहायची. माझ्या क्लासची विद्यार्थिनी. तिच्यासारखी बोटं मी पुन्हा पाहिली नाहीत; मराठी टायपिंगमध्ये जोडाक्षर आलं की बाकीच्या मुली अडखळायच्या, ही जणू उतारावरून जायची. लग्न होऊन ती बोरी अरबला गेली. घरात नवरा विलास आणि सासू गयाबाई. कापसाची शेती. वंदना सासूबरोबर वेचणीला जायला लागली. मला ते बघवेना. वेचणी वाईट म्हणून नाही. बोंडाच्या वाळक्या टोकांनी त्या बोटांची सालं निघत होती म्हणून. मीच विलासच्या मागे लागले, जुना का होईना कंप्युटर घे, ही घरबसल्या कंपोझिंग करेल. दारव्ह्याच्या एका छापखान्याशी बोलूनही ठेवलं. विलासनं मशीन आणलं. वंदना लग्नपत्रिका करायला लागली, आणि त्या हिवाळ्यात छापखान्यानं तिला पहिलं मोठं काम दिलं: आजूबाजूच्या शाळांच्या सराव परीक्षेच्या प्रश्नपत्रिका. ठरल्या दिवशी द्यायच्या. परीक्षा काही वंदनासाठी थांबणार नव्हती.

ती कापसाची वाईट वर्षं होती. त्याबद्दल पुष्कळांनी पुष्कळ लिहिलं आहे, मी माझ्यापुरतं लिहिते. भाव आज वाढेल, उद्या वाढेल, म्हणून लोक वेचलेला कापूस घरातच भरून ठेवायचे. घर कापसाचं आणि माणसं पाहुणी, असं व्हायचं. वंदनाच्या पुढच्या खोलीत आढ्याला टेकेल एवढा ढीग आणि त्याच्या पायथ्याशी तिचं टेबल. पांढऱ्या डोंगराखाली बसून ही बाई 'योग्य पर्याय निवडा' टाइप करायची. खोलीत हसलं तरी तंतू उडायचे. अर्धा तास बसलं की अंगाला खाज सुटायची.

विलासचा एसटीडी बूथवरून फोन आला. "जयभीम, बाई. वंदनाचं मशीन उचक्या देऊन राह्यलं. टाइप केलेलं जाते. लवकर याल का?"

मी कोट घालून गेले. थंडीचे दिवस, खिडक्या बंद, खोलीत कापसाची ऊब. कुठल्याशा मासिकात मी नुकतंच वाचलं होतं की इंटरनेटवरून एक वायरस येतो आणि कंप्युटर सारखा बंद-सुरू करत राहतो. नवीन वाचलेलं माणसाच्या अंगात येतं. मी मशीन सुरू केलं, भुवया आवळल्या, आणि जाहीर केलं, "वायरस!" घरात फोन नाही, इंटरनेट नाही, मग हा आला कुठून, हे मला सुचायला हवं होतं. पण कोटाला खिसे होते, डोकं नव्हतं.

दाराशी गयाबाई उभ्या होत्या. शेतातून आल्या होत्या, कमरेला वेचणीची झोळी तशीच बांधलेली, कानांत थंडीच्या वाऱ्यासाठी कापसाचे बोळे. कंप्युटर घरात आल्यापासून त्या त्याला 'डबडं' म्हणायच्या आणि त्याच्याकडे पाठ करून बसायच्या, हे मला वंदनानं सांगितलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी त्याच्याबद्दल काही विचारलं.

"काय झालं म्हणता त्याले?"

"वायरस झाला, मावशी."

"वायरल?"

त्या वर्षी गावागावांत साथीचा ताप होता. घरटी कोणी ना कोणी सांधे धरून बसलं होतं, आणि दवाखान्यातून येणारा प्रत्येक जण 'वायरल हाय' एवढंच सांगायचा. मला मावशींचा गैरसमज कळला. कळूनही मी काय म्हणावं?

"हो, तसंच समजा."

"मंग आता?"

"औषध दिलंय," मी वायरस मारायची सीडी मशीनमधून काढून खिशात ठेवत म्हटलं. "जरा आराम द्या. जपा त्याला."

मावशींनी मान हलवली. माझ्या कोटाकडे एकदा पाहिलं. मला वाटलं, झालं काम.

विलास मला एसटीपर्यंत सोडायला आला. भला माणूस, पण त्या वर्षी सगळ्यांचेच चेहरे थकलेले होते. म्हणाला, "बाई, राग मानू नोका. हे पेपर येळेवर नाही गेले त छापखानावाला काम दुसऱ्याले देते. मंग हे मशीन ठेवून काय करू? इकून टाकतो, आन् वंदना येते वेचाले." धमकी नव्हती ती. त्याच्यापुरता सरळ हिशेब होता.

आठवडाही गेला नसेल, पुन्हा फोन. दुखणं कमी व्हायचं सोडून वाढलं होतं. आधी दिवसातून एखाद्या वेळी पडणारं मशीन आता दर थोड्या वेळानं पडत होतं. मी गेले, तर नेहमीप्रमाणे एकदम गुणी बाळ. तासभर बसले, काही नाही. मग मी विजेवर घसरले. भारनियमनाचे दिवस, दाब वरखाली; घाईत आतला वीजपुरवठ्याचा डबा तेवढा बदलला, बाकी कुठं पाहिलंही नाही. मी कोटाची बटणं लावत होते तेवढ्यात गयाबाई आल्या, पेटीच्या माथ्यावर पालथा हात ठेवला, लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा, आणि म्हणाल्या, "बाई, आंग अजून कोमटच लागते याचं."

मी हसले. चांगली खुदकन हसले. आज ते आठवलं की मला त्या हसणारीच्या कानाखाली काढावीशी वाटते.

तिसऱ्यांदा मी पेटीच उचलून यवतमाळला आणली आणि टेबलावर उघडली. आत मेंदूवर एक छोटा पंखा असतो, त्याला गार ठेवायला. तो दिसेचना. त्याच्या जागी एक इवलीशी रजई होती. खोलीतला कापूस तंतूतंतूनं आत ओढून पंख्यानं स्वतःवरच पांघरली होती. ब्रशनं आणि चिमट्यानं मी ती सोडवली, तेव्हा तिला पंख्याच्या पात्यांचा आकार आला होता. मशीन दिवसभर चालवलं, अजिबात पडलं नाही. म्हणजे वायरस कधी नव्हताच. सुरुवातीपासून हा बिचारा तापत होता.

मी खूश झाले आणि खजीलही झाले. पेटी विलासच्या हाती देताना सांगायला हवं होतं की बाबा, मी आधी चुकीचं बोलले. पण ते राहिलं. 'पंखा साफ केलाय' एवढंच म्हटलं. कोट घातलेल्या माणसाच्या तोंडून माफी सहज बाहेर पडत नाही. (तो कोट पुढे माझ्या नातवाच्या शाळेतल्या नाटकात डॉक्टर झाला. त्यानं तिथं तरी रोगी बरा केला.)

आणि पुन्हा फोन. या वेळी वंदना स्वतः बूथवर आली होती. "बाई, परत तसंच. उद्या पेपर द्याचे हायेत आन् अजून निम्मे बाकी हायेत." मग म्हणाली, "तुमी कोणताच पार्ट आणू नोका. एक दिवस माह्यापाशी बसा ना फक्त. किलासात बसत होत्या तशा."

मला शरम वाटली. बाभुळगावच्या गुडघ्यापाशी मी बसले होते, महागावच्या गिरणीपाशी बसले होते. माझ्या स्वतःच्या विद्यार्थिनीपाशी मात्र येता-जाता निदान फेकून निघाले होते.

दुसऱ्या दिवशी मी सकाळच्या पहिल्या गाडीनं निघाले. कोट घरीच ठेवला. येते म्हणून कळवलंही नव्हतं. बोरी अरबला उतरून त्यांच्या दाराशी आले, तर आतून हसण्याचा आवाज. दार लोटलेलंच होतं. मी डोकावले.

वंदना टाइप करत होती. तिच्या पायाशी पोत्यावर बसून गयाबाई कापसातला काडीकचरा निवडत होत्या आणि गावातल्या कुणाच्या तरी लग्नातली भानगड रंगवून सांगत होत्या. त्यांच्या शेजारी पेटी. तिच्या अंगावर मावशींची लोकरीची शाल, चारी बाजूंनी नीट खोचलेली. समोरचं बटण तेवढं उघडं, बाळाच्या नाकासारखं. शालीच्या फटीतून मागची जाळी दिसत होती. पेटीला हवा आत-बाहेर करायला भोकं असतात. त्या एकेका भोकात कापसाचा बोळा, हातानं वळलेला, गच्च बसवलेला.

मी दार ढकललं. मावशी दचकल्या.

"माय वं! बाई आल्या!" त्या घाईघाईनं शाल सोडायला लागल्या. "थांबा, दोन मिंट. त्याचे कान मोकळे करून देते."

"मावशी, हे काय आहे?"

"काय म्हणजे? थंडीत ताप आलेल्याच्या कानात वारं जाऊ द्याचं असते का?" बोळे काढता काढता त्या मलाच समजावू लागल्या. "तुमीच म्हणलं ना, जपा म्हणून. दिवसभर झाकून ठेवते. तुमी येता तवा काढते. डॉक्टरीणबाई तपासाले येईन तर लेकरू उघडं करून दाखवा लागते ना."

मी खाली बसले. पोत्यावरच बसले. हसू येत होतं आणि हसायची हिंमत होत नव्हती. मी आले की मशीन गुणी का होतं, यवतमाळला दिवसभर नीट का चाललं, आणि घरी आल्यावर पुन्हा का पडलं, सगळं त्या बोळ्यांत होतं. तापलेल्याला आम्ही पांघरूण घालत होतो. पांघरूण त्यांचं, पण घालायला मी सांगितलेलं.

वंदनाकडे पाहिलं. ती स्क्रीनकडे पाहत हळू आवाजात म्हणाली, "मी म्हणलं होतं आईले, कायले झाकता. पण पंख्याचा आवाजबी कमी झालता. आन् तुमी म्हणल्या होत्या जपा. आन्..." तिनं सासूकडे एकदा पाहिलं आणि वाक्य तिथंच सोडलं.

बोलत बसायला वेळ नव्हता. दुपारच्या गाडीनं विलासला फ्लॉपी घेऊन दारव्ह्याला जायचं होतं, आणि वीज जायच्या आधी उरलेले पेपर व्हायला हवे होते. मी पेटी ढिगापासून उचलून दाराजवळ ठेवली, बाजूचा पत्रा काढून टाकला, आतली नवी जमलेली रजई साफ केली. "आता याला वारा पाहिजे, मावशी. थंडी असली तरी."

"उघडंनागडं?"

"उघडंनागडं."

मावशींना ते काही पटलं नाही. पण त्या उठल्या, सूप घेऊन आल्या, स्वतः ती शाल पांघरून बसल्या आणि थंडीत कुडकुडत त्या पेटीला वारा घालायला लागल्या. मी शिक्षकांच्या हातचे कागद वाचून सांगायची, वंदना टाइप करायची. क्लासमध्ये डिक्टेशन द्यायचे तशी मी, आणि तशीच पाठ ताठ करून ती. मधेच मी भूगोलाचा प्रश्न वाचला, "कापसाच्या पिकास कोणते हवामान मानवते?"

सूप थांबलं. "लिहून दे, वंदना," मावशी म्हणाल्या. "हवामान कोणतंबी मानवते. भाव तेवढा मानवत नाही."

वंदनाला हसू आवरेना. मग मलाही. सगळ्या खोलीत तंतू उडाले. मशीन मात्र जागचं हललं नाही. त्या दिवशी ते एकदाही पडलं नाही. शेवटच्या पेपराच्या शेवटी तिनं 'समाप्त' टाइप केलं, फ्लॉपी काढून विलासच्या हातात दिली, आणि तेव्हा कुठं तिनं बोटं मोडली, कडकड आवाज करत, ज्यावरून क्लासमध्ये मी तिला नेहमी रागवायची.

विलास गेला. तो दारव्ह्याहून परत येईपर्यंत मी थांबले. निकाल ऐकल्याशिवाय माझा पाय निघेना. वंदनानं भाकरी आणि मिरचीचा ठेचा वाढला. ऊन कलता कलता विलास आला तो काखेत कागदांची एक नवी पिशवी घेऊन. वंदनाच्या टेबलावर ठेवली. "परीक्षेचेच हायेत. दुसऱ्या शाळेचे," एवढंच म्हणाला. मशीन विकण्याबद्दल चकार शब्द नाही. मग त्यानं बाही वर सारली, एक जुनं लुगडं शोधून आणलं आणि टेबल आणि कापसाचा ढीग यांच्या मधोमध दोरीवर आडवं बांधायला लागला. पंख्यानं पुन्हा रजई शिवू नये म्हणून. हे मी त्याला सांगितलं नव्हतं.

मला आता एक काम उरलं होतं, आणि त्याला स्क्रूड्रायव्हर चालणार नव्हता. मी निघाले तेव्हा गयाबाई फाट्यापर्यंत माझ्यासोबत चालत आल्या. शाल त्यांच्या अंगावर होती, तिला अजून मशीनची ऊब असावी. बसची वाट पाहत आम्ही उभ्या राहिलो. मी घसा खाकरला.

"मावशी, एक सांगायचं आहे. त्याला ताप-बिप काही नव्हता. वायरल पण नव्हता, वायरस पण नव्हता. मी उगाच शहाणपणा केला. तुमचं काही चुकलं नाही, माझं चुकलं. आता ते चांगलं खणखणीत आहे. त्याला झाकायचं नाही, जपायचं नाही. तुम्हाला त्याच्यापाशी बसून राहायची काही गरज नाही."

मला वाटलं होतं, मोकळं वाटेल त्यांना. हसतील, नाहीतर चार शब्द सुनावतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. रस्त्यापलीकडच्या वेचून झालेल्या शेताकडे पाहत राहिल्या. लांबून एसटी दिसायला लागली, तेव्हा त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या:

"बाई, थे डबडं घरी याच्या आंधी आमी दोघी सोबत वेचाले जात होतो. तिची कापसाची वळ माह्या वळीच्या बाजूनं. दिवसभर बोलत राहो, हासत राहो. मंग थे इकडं बसली, आन् माह्या बाजूची वळ रिकामी झाली. मी त्या डबड्याचं तोंड पाह्यत नव्हती. तुमी त्याले ताप हाय म्हणलं म्हणून त्याच्यापाशी बसली. त्याच्यापाशी बसली, त तिच्यापाशी बसली. आता तुमी म्हणता थे बरं झालं. मंग मी तिथं कायच्या निमतानं बसू? थोडीशी कणकण राहू द्या ना, बाई, त्याच्या आंगात."